गुणपत्रिकेमागचा इतिहास



निकालाच्या दिवशी आपण गुणपत्रिका उत्सुकतेने पाहतो. ती कशी घडत आली, हे मात्र सहसा पाहत नाही. आपल्या बीड जिल्ह्यापुरता तो इतिहास जाणून घेण्याजोगा आहे.

सप्टेंबर १९४८ पर्यंत बीड हैदराबाद संस्थानात होते. १९१८ साली स्थापन झालेल्या उस्मानिया विद्यापीठाने वैद्यकासारखा विषयही उर्दूतून शिकविला, हे कार्य लहान नव्हे. परंतु माध्यमिक शाळेतही उर्दूच माध्यम असल्याने, घरी मराठी बोलणाऱ्या मुलाची भूगोलाची परीक्षा ही पुष्कळदा उर्दूचीच परीक्षा ठरे. ज्ञान एक आणि मोजले जाई दुसरेच! आज राज्य मंडळ दहावीची परीक्षा मराठी, उर्दू धरून आठ माध्यमांतून घेते.

हे मंडळ १९६६ साली स्थापन झाले. पुढे १९७५ पासून शालान्त परीक्षा अकरावीऐवजी दहावीला आली. वर्ग बदलला, पण भिस्त लेखी पेपरावरच राहिली.

खरा फरक २० ऑगस्ट २०१० च्या शासन निर्णयाने झाला. पहिली ते आठवीसाठी सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापन आले. तोंडीकाम, प्रयोग, प्रकल्प, स्वाध्याय यांच्या नोंदी शिक्षकाने वर्षभर ठेवावयाच्या, हे आकारिक मूल्यमापन. सत्राअखेरचे ते संकलित. पुष्कळांना वाटले, परीक्षाच गेली. तसे नव्हते. मात्र काही ठिकाणी मुलापेक्षा नोंदवहीकडेच अधिक लक्ष गेले, हेही मान्य केले पाहिजे.

२०२१ साली कोरोनामुळे दहावीची परीक्षाच झाली नाही. नववीचे ५० गुण, दहावीच्या अंतर्गत लेखी कामाचे ३० व तोंडी-प्रात्यक्षिकाचे २० असा हिशेब करून निकाल लागला ९९.९५ टक्के. लोक हसले. माझ्या मते, ज्या शाळांनी नोंदी प्रामाणिकपणे ठेवल्या, त्यांच्यावर तो अन्याय होता.

आपल्याकडे या नोंदींचे मोल अधिक आहे. दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीला गेलेल्या आईबापांबरोबर मूल जाते व उन्हाळ्याच्या तोंडाशी परतते. हंगामी वसतिगृहात राहिले तर शाळा टिकते. न राहिले, तर पहिल्या सत्राच्या नोंदींवरूनच गुरुजींना त्याचा धागा पुन्हा पकडता येतो. २०२३-२४ पासून पाचवी व आठवीची वार्षिक परीक्षा पुन्हा सुरू झाली. अनुत्तीर्णांस फेरपरीक्षा, तीतही अपयश आल्यास तोच वर्ग. हा वार्षिक पेपर नेमका त्या परतीच्या दिवसांतच येतो.