‘ताप’ नावाच्या रकान्यात हरवलेले १९१८

१९११ च्या जनगणनेत नगर जिल्ह्याची लोकसंख्या सुमारे साडेनऊ लाख होती. १९२१ मध्ये ती सव्वासात लाखांच्या आसपास उरली. दुष्काळ, स्थलांतर आणि १९१८ चा इन्फ्लुएन्झा ही त्यामागची मोठी कारणे. मात्र कर्जतसारख्या अवर्षणप्रवण तालुक्यात एकट्या साथीने किती बळी घेतले, हे सरकारी मृत्युनोंदींतून थेट वाचता येत नाही. नोंदी झाल्याच नाहीत असे नव्हे. अडचण नोंदवहीच्या रचनेतच होती.

मृत्यूच्या कारणांसाठी रकाने मोजकेच होते: पटकी, देवी, ताप, पोटाचे विकार, अपघात आणि ‘इतर’. १८९६ नंतर प्लेगची भर पडली. नोंद करणारा गावकामगार. वैद्यकाशी त्याचा संबंध नाही. हिवताप, विषमज्वर, न्यूमोनिया, सारे ‘ताप’. ही चौकट त्याच्यासाठी सोयीची होती, वरच्या कचेरीसाठी त्याहून अधिक. रकाने थोडे असले की गावाची बेरीज तालुक्यात, तालुक्याची जिल्ह्यात झपाट्याने होते. मुंबईच्या सॅनिटरी कमिशनरला हवी होती ती बेरीजच. मेलेल्या माणसाची हकिगत कोणी मागितलीच नव्हती!

१९१८ च्या सप्टेंबर-ऑक्टोबरात साथीची दुसरी लाट आली, तेव्हा इन्फ्लुएन्झाचे बहुतांश मृत्यू याच रकान्यात गेले. पुढे अभ्यासकांना उलटी वाट धरावी लागली: आधीच्या वर्षांची सरासरी काढायची, ती त्या वर्षीच्या मृत्यूंतून वजा करायची आणि उरलेला आकडा साथीचा मानायचा. त्यातही नोंदणी अपुरी. म्हणून भारतातील बळींचे अंदाज सव्वा कोटीपासून दोन कोटींपर्यंत पसरलेले दिसतात.

अशा वहीत महिन्याचा एकूण आकडा क्षणात सापडतो. एका बाळाचा जन्म, आजार आणि मृत्यू यांची सांगड घालायची तर वह्यांमागून वह्या चाळाव्या लागतात. संगणकीय नोंदीतही हीच देवाणघेवाण आहे. व्यक्ती केंद्रस्थानी ठेवली तर एका रुग्णाचा इतिहास चटकन उलगडतो, पण हजारो रुग्णांची बेरीज जड होते आणि माहिती भरणाऱ्याचे काम वाढते.

२००९ मध्ये माता व बाल यांचा नावानिशी माग ठेवणारी केंद्रीय प्रणाली आली, तेव्हा हा भार परिचारिकेवर पडला: आधी रजिस्टरात लिहायचे, मग तेच संगणकात चढवायचे. त्यातही गरोदर स्त्री नोंदली जाते ती तिच्या उपकेंद्राच्या हद्दीत. दिवाळीनंतर कर्जत-जामखेड भागातून ऊसतोडीला गेलेली बाई दूरच्या कारखान्याच्या तळावर बाळंत होते, आणि ती खबर उपकेंद्रापर्यंत पोचली नाही तर गावाकडच्या यादीत तिच्या प्रसूतीची जागा कोरीच राहते.