यूएफसी सोडली तर फायटरकडे काय उरतं? एमएमएमधल्या बाकीच्या प्रमोशन्सचं गणित समजून घ्या

जानेवारी २०२३. यूएफसीचा हेवीवेट चॅम्पियन फ्रान्सिस नगानू कंपनी सोडून बाहेर पडला. तो हरला नव्हता, त्याला कुणी काढलंही नव्हतं. करार संपला आणि नव्या करारावर त्याने सही केली नाही. त्याच्या मागण्यांमध्ये फायटर्ससाठी आरोग्य विमा आणि स्वतःचे स्पॉन्सर आणायची मोकळीक या गोष्टी होत्या.

कॅमेरूनमध्ये लहानपणी वाळूच्या खाणीत राबलेला हा माणूस जगातला सगळ्यात मोठा बेल्ट सोडून निघाला, तेव्हा अनेकांनी त्याला वेड्यात काढलं. पण ऑक्टोबर २०२३ मध्ये तो रियाधला बॉक्सिंगच्या रिंगमध्ये टायसन फ्युरीसमोर उभा राहिला. तिसऱ्या फेरीत त्याने फ्युरीला खाली पाडलं. निकाल फ्युरीच्या बाजूने लागला, पण आख्ख्या यूएफसी कारकिर्दीत मिळाले नाहीत तेवढे पैसे या एका लढतीत मिळाले, असं नगानूने नंतर सांगितलं.

मग प्रश्न पडतो, यूएफसीबाहेर एवढं सगळं मिळत असेल तर सगळेच फायटर बाहेर का पडत नाहीत?

आधी प्रमोशन म्हणजे काय ते बघू

क्रिकेटमध्ये आयसीसी आहे, फुटबॉलमध्ये फिफा आहे. व्यावसायिक एमएमएमध्ये सगळ्यांच्या वर बसलेली अशी एक संघटना नाही. इथे खासगी कंपन्या आहेत, त्यांना प्रमोशन म्हणतात. फायटरशी करार करणं, जोड्या लावणं, तिकिटं विकणं, टीव्हीचे हक्क विकणं, हे सगळं तीच कंपनी करते. बेल्टसुद्धा तिचाच असतो. म्हणजे यूएफसीचा चॅम्पियन हा एका कंपनीचा चॅम्पियन असतो. आपल्याकडे जत्रेच्या मैदानात पैलवान आज या गावात, उद्या त्या गावात कुस्ती धरतो. एमएमएमध्ये एकदा सही केली की बहुतेक वेळा दुसऱ्याच्या मैदानात उतरता येत नाही.

यूएफसी एवढी मोठी झाली कशी?

पहिली यूएफसी १९९३ साली अमेरिकेत डेन्व्हरला झाली. २००१ मध्ये फर्टिटा बंधूंनी ती २० लाख डॉलरला विकत घेतली आणि कारभार डेना व्हाईटकडे दिला. त्यानंतर स्पर्धकच विकत घेण्याचा सपाटा सुरू झाला. २००६ मध्ये डब्ल्यूईसी, २००७ मध्ये जपानची प्राइड, २०११ मध्ये स्ट्राइकफोर्स. या तिन्ही नावांचे कार्यक्रम पुढे बंद पडले आणि चांगले फायटर यूएफसीत आले. २०१६ मध्ये हीच कंपनी सुमारे ४ अब्ज डॉलरला विकली गेली.

फायटर्सच्या वाट्याला काय आलं? हा प्रश्न कोर्टात गेला. २०१४ मध्ये कुंग ली, नेट क्वॉरी आणि जॉन फिच यांनी मक्तेदारीविरोधी खटला भरला. कंपनीच्या उत्पन्नातला २० टक्क्यांहून कमी वाटा फायटर्सना मिळतो, ही गोष्ट या खटल्यामुळे जगासमोर आली. अमेरिकेतल्या बास्केटबॉल लीगमध्ये हा वाटा निम्म्याच्या आसपास असतो. शेवटी ३७ कोटी ५० लाख डॉलरवर तडजोड झाली आणि २०२५ मध्ये कोर्टाने तिला मंजुरी दिली. हे पैसे जुन्या फायटर्सना मिळाले, करारातली कलमं मात्र त्याने बदलली नाहीत.

मग बाहेर कोण कोण आहे?

पीएफएल : नगानूने २०२३ मध्ये इथेच सही केली. एमएमए इथे आणि बॉक्सिंग हवं तिथे, अशी सूट त्याला करारात मिळाली. २०१८ मध्ये या कंपनीने लीगसारखा मोसम सुरू केला. साखळी लढती, मग बाद फेरी आणि विजेत्याला १० लाख डॉलर, म्हणजे आठ कोटी रुपयांहून जास्त. कुणाची जोडी कुणाशी लावायची हे ऑफिसात ठरण्याऐवजी निकालावर ठरायचं, हे तिचं वेगळेपण. २०२३ मध्ये पीएफएलने दुसरी मोठी स्पर्धक कंपनी बेलाटोर विकत घेतली.

वन चॅम्पियनशिप : २०११ पासून सिंगापूरहून चालते. इथे एमएमएसोबत मुए थाई आणि किकबॉक्सिंगही असतं. २०१५ मध्ये चिनी फायटर यांग जियानबिंग वजन उतरवताना दगावला. त्यानंतर वनने शरीरातलं पाणी तपासण्याची पद्धत आणली, म्हणजे वजनासाठी अंग सुकवण्यावर आळा बसतो.

रिझिन आणि केएसडब्ल्यू : पहिली जपानची, दुसरी पोलंडची. दोघींनाही स्वतःच्या देशात मोठा प्रेक्षक आहे.

केज वॉरियर्स आणि एलएफए : युरोप आणि अमेरिकेतल्या या कंपन्या बऱ्याच अंशी यूएफसीच्या पायऱ्या आहेत. कॉनर मॅकग्रेगर यूएफसीत येण्याआधी केज वॉरियर्सचा चॅम्पियन होता.

बाहेर जाऊन कुणाचं काय झालं?

डेमेट्रियस जॉन्सनने यूएफसीत सलग ११ वेळा बेल्ट राखला होता. २०१८ मध्ये तो हरला आणि काही महिन्यांतच त्याची चक्क अदलाबदल झाली. यूएफसीने त्याला वनकडे सोडलं आणि वनचा बेन ॲस्क्रेन यूएफसीत आला. जॉन्सनने वनमध्ये ग्रां प्री जिंकली, बेल्टही जिंकला आणि २०२४ मध्ये मानाने निवृत्ती घेतली.

केला हॅरिसनचा रस्ता उलटा. ज्युदोत दोन ऑलिंपिक सुवर्णपदकं मिळवून ती पीएफएलमध्ये आली. २०१९ आणि २०२१ मध्ये तिने ते १० लाखांचं बक्षीस जिंकलं. २०२४ मध्ये ती यूएफसीत गेली आणि २०२५ मध्ये तिथलीही चॅम्पियन झाली.

पण बाहेर सगळं गोड नाही

एडी अल्वारेझचं उदाहरण बघा. तो बेलाटोरमध्ये होता आणि त्याला यूएफसीची ऑफर आली. पण त्याच्या करारात असं कलम होतं, की दुसऱ्याने दिलेली ऑफर बेलाटोरने जशीच्या तशी दिली तर त्याला तिथेच थांबावं लागेल. प्रकरण कोर्टात गेलं आणि २०१३ मध्ये तडजोड झाली. यूएफसीत पोचायला त्याला २०१४ उजाडलं. दोन वर्षांनी तो तिथला चॅम्पियन झाला. थोडक्यात, जाचक करार फक्त मोठ्या कंपनीचेच असतात असं नाही.

दुसरा धोका कंपनी टिकण्याचा. ॲफ्लिक्शन दोन कार्यक्रम करून थांबली. आयएफएल २००६ मध्ये आली आणि २००८ मध्ये संपली. पीएफएलचंच बघा. कोरोनामुळे २०२० चा मोसम रद्द झाला आणि २०२५ मध्ये १० लाखांचं बक्षीस ५ लाखांवर आलं. फायटरचे चांगले दिवस जेमतेम आठ-दहा वर्षांचे. त्यातली दोन वर्षं लढतीविना गेली तर ती परत मिळत नाहीत.

आपल्याकडे काय?

भारतात याची मोठी सुरुवात मुंबईतच झाली. २०१२ मध्ये राज कुंद्रा आणि संजय दत्त यांनी सुपर फाइट लीग आणली. त्यात लढलेला भरत खंडारे २०१७ मध्ये शांघायला यूएफसीत उतरला. २०१९ मध्ये टायगर श्रॉफच्या कुटुंबाने मॅट्रिक्स फाइट नाइट सुरू केली. अंशुल जुबली इथूनच पुढे गेला.

पूजा तोमरची वाट तर या सगळ्या लेखाचं सार आहे. वनमध्ये तिला थायलंडच्या स्टॅम्प फेअरटेक्सकडून हार पत्करावी लागली. ती मायदेशी मॅट्रिक्समध्ये लढली, बेल्ट जिंकला आणि जून २०२४ मध्ये यूएफसीत लढत जिंकणारी पहिली भारतीय महिला ठरली. मधली कंपनी नसती, तर त्या हारेनंतर पुन्हा उभं राहायला जागाच उरली नसती.

सही करण्याआधी काय बघायचं?

तुमच्या ओळखीत कुणी या खेळात असेल तर त्याला एवढे प्रश्न नक्की विचारायला सांगा.

- करार किती लढतींचा आणि किती महिन्यांचा? वर्षात किमान किती लढती देणार, हे लिहून दिलंय का?
- लढायचे पैसे किती आणि जिंकल्यावरचे किती? हरलं तर बहुतेक ठिकाणी दुसरा भाग मिळत नाही.
- बेल्ट जिंकला तर करार आपोआप वाढतो का?
- दुसऱ्याची ऑफर आली तर आधीच्या कंपनीला अडवता येतं का?
- दुखापत झाली तर उपचाराचा खर्च कोण करणार आणि तेवढा काळ करारात धरणार का?
- बॉक्सिंग, कुस्ती किंवा स्वतःचे स्पॉन्सर चालतील का?

नगानूला शेवटच्या प्रश्नाचं उत्तर 'हो' हवं होतं आणि ते मिळवण्यासाठी त्याने बेल्ट सोडला. ते त्याला परवडलं, कारण तो चॅम्पियन होता. नव्या पोराकडे तेवढी ताकद नसते. म्हणूनच त्याच्यासाठी बाजारात दुसरी, तिसरी कंपनी जिवंत असणं महत्त्वाचं आहे. तिथे तो गेला नाही तरी चालेल, पण जाता येईल एवढी सोय असली की पहिल्या कंपनीलाही जरा नीट बोलावं लागतं.