यात्रा, उद्यान आणि उपाहारगृह : महाराष्ट्रातील सहलस्थळांवरील भोजनव्यवस्थेचे बदलते स्वरूप

प्रस्तावना :

गोंदिया जिल्ह्याच्या अर्जुनी मोरगाव तालुक्यात, नवेगावबांधच्या परिसरात प्रतापगड हे गाव आहे. सातारा जिल्ह्यातील इतिहासप्रसिद्ध प्रतापगडाशी असलेल्या नामसाधर्म्यामुळे पूर्व विदर्भाबाहेर या गावाचा उल्लेख झाला की बहुधा गैरसमजच होतो. गोंडकालीन गडाचे अवशेष, डोंगरावरील महादेवाचे स्थान आणि ख्वाजा उस्मान गनी हारुनी यांच्या नावाने ओळखला जाणारा दर्गा यांमुळे या स्थळाला दुहेरी श्रद्धापरंपरा लाभली आहे. महाशिवरात्रीला येथे मोठी यात्रा भरते. त्रिशूळ घेऊन, महादेवाची गाणी म्हणत गावोगावचे पोहे प्रतापगडाची वाट धरतात.

अशा यात्रांविषयीच्या लेखनात देवस्थान, राजवट, लोकगीते व विधी यांची चर्चा विपुल आढळते. यात्रेकरू काय खातो, ते कोण शिजवतो आणि ते विकण्याचा अधिकार कोणाकडे असतो, हे प्रश्न मात्र किरकोळ मानले गेले. वस्तुतः माणूस घराबाहेर पडला की पहिला प्रश्न पोटाचाच असतो. गेल्या काही दशकांत यात्रेच्या जोडीला, आणि काही वर्गांत यात्रेच्या जागी, प्रवेशशुल्क घेणारी मनोरंजन उद्याने व त्यांना जोडलेली निवासस्थाने आली. प्रस्तुत लेखात प्रतापगडची यात्रा हा प्रस्थानबिंदू मानून या दोन प्रकारच्या स्थळांवरील भोजनव्यवस्थेचा ऐतिहासिक विचार केला आहे. उपाहारगृहांचे पर्याय वाढणे आणि खाणाऱ्याचे स्वातंत्र्य वाढणे या दोन भिन्न घटना आहेत, असे या विचारातून दिसून येते.

यात्रेतील पाकशाळा :

प्रतापगडच्या यात्रेचा आहार प्रथमतः पंचांगाने ठरविलेला आहे. शिवरात्र हा उपवासाचा दिवस. साबुदाणा, भगर, रताळी, शेंगदाणे आणि त्या ऋतूतील कवठ ही या दिवसाची सामग्री होय. गोंदिया-भंडारा हा तलावांचा प्रदेश असल्याने त्यात शिंगाड्याची भर पडते. या तलावांमागे कोहळी समाजाचे पिढ्यानपिढ्यांचे श्रम आहेत. नवेगावबांधच्या तलावाचे श्रेय परंपरेने कोलू पाटील कोहळी यांना दिले जाते. तलावातील शिंगाड्याची लागवड व काढणी हा ढीवर समाजाचा पारंपरिक व्यवसाय. ताजा शिंगाडा हिवाळ्यापर्यंत संपतो, परंतु वाळवलेल्या शिंगाड्याचे पीठ शिवरात्रीला उपयोगी पडते. कोहळ्यांनी बांधलेला तलाव, ढीवरांनी काढलेला शिंगाडा आणि महादेवाचा उपवास अशी ही साखळी आहे. तिच्यात प्रदेशाची अर्थव्यवस्था व श्रद्धा एकमेकींत गुंतल्या आहेत. दर्ग्यावर येणाऱ्या मुस्लिम भाविकाला हा उपवास लागू नसतो, त्यामुळे एकाच डोंगराच्या परिसरात दोन भिन्न आहारनियम एकाच वेळी पाळले जातात.

बंडीने किंवा पायी येणारे कुटुंब शिदोरी बांधून निघत असे. मुक्काम पडला तर तीन दगडांची चूल मांडून भात-वरण शिजे. यात्रेतील दुकाने या शिदोरीला पूरक होती, पर्यायी नव्हती. चहा, चिवडा, भजी, आलुबोंडा यांची तात्पुरती हॉटेले यात्रेपुरती उभी राहतात व यात्रेबरोबर उठतात. (ग्रामीण बोलीत ‘हॉटेल’ म्हणजे निवासस्थान नव्हे, चहा-फराळाचे दुकान, शब्दाचा हा प्रवासही अभ्यासण्याजोगा आहे.) यात्रेला दार नसते. जो येईल तो विकू शकतो, जो येईल तो स्वतःचे खाऊ शकतो. गावाचा यावरील अधिकार मर्यादित असतो. 1958 च्या ग्रामपंचायत अधिनियमाने पंचायतीला यात्रेकरूंवर व जत्रांवर कर आकारण्याची आणि बाजाराचे शुल्क घेण्याची मुभा दिली, परंतु यात्रेकरूच्या गाठोड्यात काय आहे हे तपासण्याची नाही.

तथापि शिदोरीकडे केवळ स्वातंत्र्याचे प्रतीक म्हणून पाहणे इतिहासाशी प्रामाणिक होणार नाही. शिदोरीमागे पैशाची टंचाई होती, तसाच विटाळाचा विचारही होता. परक्या जातीच्या हातचे अन्न टाळण्याचा तो एक मार्ग होता. वसाहतकाळात रेल्वे स्थानकांवर ‘हिंदू पाणी’ व ‘मुस्लिम पाणी’ वेगळे ठेवले जाई. 20 मार्च 1927 रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांना महाडच्या चवदार तळ्यावर पाण्यासाठी सत्याग्रह करावा लागला, ही गोष्ट कोणत्याही सार्वजनिक भोजनाच्या इतिहासात विसरता येत नाही. पैसे टाकून कोणालाही मिळणाऱ्या चहाच्या कपाने पंक्तिभेदाला जो धक्का दिला, तो अनेक सुधारकांच्या व्याख्यानांहून कमी नव्हता. म्हणून विकतच्या अन्नाचा प्रसार हा निव्वळ ऱ्हास ठरत नाही.

दार बसविलेली जागा :

यात्रा व मनोरंजन उद्यान यांच्यामधील दुवा म्हणून विदर्भातीलच एक उदाहरण घेता येते. शेगाव येथे श्री गजानन महाराज संस्थानने या शतकाच्या आरंभी आनंद सागर हे विस्तीर्ण उद्यान उभारले. तलाव, लहान रेल्वे, ध्यानमंदिर अशी त्याची रचना होती. येथे प्रवेशद्वार आले, तिकीट आले, मात्र व्यवस्थापन धर्मादाय वृत्तीचे राहिले. संस्थानच्या मंदिरातील महाप्रसाद आणि रेल्वे स्थानकाने प्रसिद्ध केलेली शेगावची कचोरी या दोहोंच्या मध्ये हे उद्यान उभे होते. पुढे ते काही वर्षे बंद राहिले.

व्यापारी उद्यानांचा क्रम याआधीच सुरू झाला होता. मुंबईजवळ गोराई येथे 1989 मध्ये एस्सेलवर्ल्ड सुरू झाले आणि 1998 मध्ये त्याला वॉटर किंगडमची जोड मिळाली. बोटीने खाडी ओलांडून जायचे आणि संध्याकाळी परतायचे, हा तेथील सहलीचा रूढ क्रम. दुपारचे जेवण आवारातच होणार हे भूगोलानेच ठरविले होते. नागपूरकडील अशा एका उद्यानाने तर ‘फन अँड फूड व्हिलेज’ असे नाव धारण करून मौज व अन्न यांची सांगड पाटीवरच जाहीर केली.

18 एप्रिल 2013 रोजी रायगड जिल्ह्यात, खोपोली-पाली मार्गावर इमॅजिका उद्यान सुरू झाले आणि एक वेगळा टप्पा आला. येथे उपाहारगृह हे पाळण्यांइतकेच देखाव्याचा भाग बनले. ‘रेड बॉनेट’ हे अमेरिकन धर्तीचे, ‘अर्माडा’ हे चाचेगिरीच्या जहाजाच्या कल्पनेवरचे, ‘रॉबर्टोज फूड कोस्टर’ हे इटालियन वळणाचे, आणि ‘इमॅजिका कॅपिटल’ हे अनेक पाकपद्धतींचे मोठे भोजनालय, अशी ही मांडणी होती. खोपोलीचा बटाटेवडा हाकेच्या अंतरावर प्रसिद्ध असताना आवारात मात्र दूरदेशांची नावे झळकली, हे लक्षात घेण्याजोगे आहे. आवाराबाहेरील खाद्यपदार्थ आत नेण्यास मनाई हा या व्यवस्थेचा आधारस्तंभ. उद्यानाच्या उत्पन्नात तिकिटाखालोखाल खाद्यपेयांना स्थान असते, आणि ते उत्पन्न टिकते ते या मनाईमुळे.

2014 मध्ये जलउद्यान आणि 2015 मध्ये नोव्होटेल हे हॉटेल जोडले गेल्यावर उद्यानाचे रिसॉर्ट झाले. हा बदल वरवर किरकोळ वाटतो. प्रत्यक्षात एका दिवसाच्या पाहुण्याला एकच जेवण लागते, तर मुक्कामी पाहुण्याला न्याहारीपासून रात्रीच्या दुधापर्यंत सर्व काही लागते. मुक्कामी कुटुंबात आजी-आजोबा असतात, चतुर्थी-एकादशी करणारे असतात, कांदा-लसूण वर्ज्य असणारे जैन पाहुणे असतात. म्हणजे ज्या पंचांगाला उद्यानाने दाराबाहेर ठेवले, ते पाहुण्याच्या सामानातून पुन्हा आत येते. 2020 च्या महासाथीत उद्यान बंद राहिले. 2022 मध्ये त्याची मालकी शिर्डी व लोणावळा येथे अशीच उद्याने चालविणाऱ्या मालपाणी समूहाकडे गेली.

परदेशातील अनुभव :

पाहुण्याच्या सवयीपुढे उद्यानाला नमावे लागते, याचे सर्वांत बोलके उदाहरण पॅरिसजवळचे आहे. 12 एप्रिल 1992 रोजी तेथे डिस्ने उद्यान सुरू झाले तेव्हा अमेरिकेतील प्रथेनुसार उद्यानात मद्यविक्री नव्हती. जेवणाबरोबर वाइन घेणे ही ज्या समाजात साधी रीत, तेथे हा नियम अपमानास्पद वाटला. 1993 मध्ये तो शिथिल करावा लागला. युरोपीय लोक हॉटेलात भरपेट न्याहारी घेत नाहीत, हा अंदाजही चुकला आणि न्याहारीला रांगा लागल्या. अमेरिकन पाहुणा दिवसभर हिंडता हिंडता खातो, तर फ्रेंच पाहुणे दुपारी ठरावीक वेळी एकदमच जेवायला बसत. त्यामुळे भोजनालये एका तासात तुडुंब भरत आणि नंतर ओस पडत. 2005 मध्ये हाँगकाँग येथे याच्या उलट घडले. विवाहसमारंभांच्या भोजनात शार्क माशाच्या परांचे सूप ठेवण्याचा बेत होता, कारण ती तेथील प्रतिष्ठेची रीत. पर्यावरणवाद्यांच्या विरोधामुळे तो रद्द झाला. स्थानिक चव स्वीकारणे हे नेहमीच निर्विवाद नसते, एवढे यावरून कळते.

टोकियोच्या डिस्ने उद्यानाने (1983) घरच्या डब्याला आत येऊ दिले नाही, परंतु डबा खाणाऱ्यांसाठी प्रवेशद्वाराबाहेर बसण्याची जागा राखली. भारतीय व्यवस्थापकांनी याकडे अधिक लक्ष द्यायला हवे होते. कॅलिफोर्नियातील नॉट्स बेरी फार्मचा इतिहास तर उलट्या दिशेने गेला. 1934 पासून तेथे कॉर्डेलिया नॉट यांच्या कोंबडीच्या जेवणासाठी गर्दी होऊ लागली. ताटकळणाऱ्यांचे मन रमावे म्हणून 1940 च्या सुमारास जुन्या वस्तीचा देखावा उभारला गेला, आणि त्यातून उद्यान वाढले. तेथे अन्न आधी होते, मनोरंजन नंतर आले.

अधिकाराचा प्रश्न :

महाराष्ट्रात या विषयाला वाचा फुटली ती उद्यानांमुळे नव्हे, तर चित्रपटगृहांमुळे. जुलै 2018 मध्ये नागपूर येथील विधिमंडळाच्या अधिवेशनात, मल्टिप्लेक्समध्ये बाहेरचे खाद्यपदार्थ नेण्यास बंदी नाही, असे राज्य शासनाने सांगितले. ऑगस्टमध्ये मात्र शासनाने मुंबई उच्च न्यायालयात, या बाबतीत हस्तक्षेपाची आवश्यकता नाही, अशी भूमिका घेतली. महिन्याभरात झालेले हे परिवर्तन बरेच काही सांगून जाते. 3 जानेवारी 2023 रोजी जम्मू-काश्मीरमधील एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने निर्णय दिला की, चित्रपटगृह ही खाजगी मालमत्ता असून बाहेरचे अन्न रोखण्याचा अधिकार मालकाला आहे. त्याच वेळी पिण्याचे स्वच्छ पाणी विनामूल्य मिळाले पाहिजे आणि तान्ह्या मुलासाठी वाजवी प्रमाणात आणलेले अन्न अडवू नये, हेही न्यायालयाने नोंदविले.

निर्णय चित्रपटगृहापुरता असला तरी त्यातील युक्तिवाद उद्यानांना सहज लागू करता येतो. मात्र त्यात एक भेद नजरेआड होतो. चित्रपट तीन तासांत संपतो, आणि प्रेक्षक भुकेला राहिला तरी फार बिघडत नाही. उद्यानात किंवा रिसॉर्टमध्ये मनुष्य अख्खा दिवस वा दोन-तीन दिवस असतो. तेथे अन्न ही करमणुकीची पुरवणी राहत नाही. मधुमेही वृद्ध, उपवास करणारी स्त्री, मोजके पैसे घेऊन सहलीला आलेली शाळेतील मुले यांच्यासाठी दहा उपाहारगृहांचे दहा पर्याय हे दहा वेळा तोच दर ठरू शकतात.

प्रतापगडाच्या दृष्टीने हा विचार केवळ तात्त्विक नाही. शेजारच्या नवेगावला 1975 मध्ये राष्ट्रीय उद्यानाचा दर्जा मिळाला आणि डिसेंबर 2013 मध्ये नवेगाव-नागझिरा व्याघ्र प्रकल्प जाहीर झाला. वनपर्यटनाबरोबर या परिसरात दार, तिकीट व वेळापत्रक ही त्रयी येऊन पोहोचली आहे. यात्रेचा डोंगर अद्याप त्या दाराबाहेर आहे. ‘पर्यटन विकास’ या शीर्षकाखाली उद्या येथे कुंपण व भोजनालय आले, तर त्याच्या ठेक्याच्या अटी कोण लिहील, यावर कवठ व शिंगाडा विकणाऱ्याची जागा अवलंबून राहील. यात्रेतील विक्रेता पंचायतीला जागेचे शुल्क देतो आणि आपला भाव आपण ठरवतो. ठेक्यातील भोजनालयात तोच मनुष्य फार तर नोकर म्हणून उभा राहील आणि शिंगाड्याच्या पिठाची निवड त्याच्या हाती नसेल. टोकियोसारखी दाराबाहेरची जागा राखण्याचे कलम अशा ठेक्यात घालता येते. त्यासाठी ते कलम कुंपणाचा पहिला खांब रोवण्याआधी लिहिले जावे लागते.