आर्वीदास साबोनिस : स्वदेश, परदेश आणि हौशीपणा

‘परदेशी जाऊन खेळणारा व्यावसायिक खेळाडू’ असे म्हटले म्हणजे तीन गोष्टी गृहीत धरल्या जातात : त्याचा स्वदेश निश्चित असतो, सीमा ओलांडण्याचा निर्णय त्याचा स्वतःचा असतो, आणि ती ओलांडल्यानंतरच त्याच्या व्यवसायास खरा प्रारंभ होतो. लिथुआनियाचा बास्केटबॉलपटू आर्वीदास साबोनिस याच्या चरित्रास यांपैकी एकही गृहीत लागू पडत नाही. आणि तरीही अमेरिकी नोंदवह्यांच्या आधारे त्याचे मूल्यमापन करताना ही तिन्ही गृहीते बहुधा न तपासताच स्वीकारली जातात.

साबोनिसचा जन्म १९ डिसेंबर १९६४ रोजी कौनास येथे झाला. दोन महायुद्धांच्या मधल्या काळात हे नगर स्वतंत्र लिथुआनियाच्या राज्यकारभाराचे केंद्र होते. १९३९ साली युरोपीय अजिंक्यपदाची स्पर्धा येथेच, खास त्यासाठी बांधलेल्या क्रीडागृहात भरली आणि यजमानांनी ती जिंकली. त्या संघाचा आधारस्तंभ प्रानस लुबिनस हा लॉस एंजेलिसमध्ये जन्मलेला लिथुआनियन वंशाचा अमेरिकी नागरिक असून १९३६ च्या बर्लिन ऑलिंपिकमधील विजयी अमेरिकी संघाचा तो सदस्य होता. म्हणजे ज्या नगरातून पुढे साबोनिस अमेरिकेस गेला, त्या नगरात या खेळाची प्रतिष्ठा वाढविण्यास एक अमेरिकीच कारणीभूत झाला होता. पुढच्याच वर्षी, १९४० मध्ये, लिथुआनिया सोव्हिएत संघराज्यात सामील करून घेण्यात आला.

साबोनिस १९८१ पासून ज्या क्लबाकडून खेळू लागला त्याचे नाव ‘झाल्गिरिस’. या शब्दाचा अर्थ ‘हिरवे अरण्य’ असा असून, १४१० साली पोलिश व लिथुआनियन सैन्यांनी ट्यूटॉनिक सरदारसंघाचा पराभव केला त्या रणभूमीचे ते लिथुआनियन नाव होय. जर्मनांवरील विजयाचे स्मारक म्हणून सोव्हिएत सत्तेस हे नाव खटकले नाही. कौनासच्या प्रेक्षकांस मात्र त्यात आपल्या स्वतंत्र राज्याचा काळ ऐकू येत असे. एकच शब्द दोन श्रोत्यांच्या कानी दोन इतिहास सांगतो तो असा. (वृकः–विल्कस, सूनुः–सूनुस या जोड्यांमुळे लिथुआनियन भाषा संस्कृतच्या अभ्यासकांस परिचित आहेच, ‘साबोनिस’ या नावाच्या अंती असलेला सकारही त्याच प्रथमा विभक्तीचा आहे.) १९८५, १९८६ व १९८७ अशी सलग तीन वर्षे झाल्गिरिसने मॉस्कोच्या सैन्यदलाच्या क्लबास मागे टाकून सोव्हिएत अजिंक्यपद मिळविले. मॉस्को हे कायद्याने स्वदेशातील नगर होते. कौनासच्या क्रीडागृहात बसलेल्या माणसास ते तसे वाटत होते काय, हा प्रश्न निराळा.

कायद्याच्या दृष्टीने साबोनिस या काळात ‘हौशी’ खेळाडू होता. वस्तुतः खेळणे हेच त्याचे पूर्णवेळ काम होते. परंतु समाजवादी व्यवस्थेत व्यावसायिक क्रीडा अस्तित्वातच नाही असे एकदा ठरल्यावर त्या कामास दुसरे नाव देणे शक्य नव्हते. या शब्दाची किंमत त्याला द्यावी लागली. १९८५ साली अटलांटा हॉक्सने ड्राफ्टमध्ये केलेली त्याची निवड, तो एकवीस वर्षांचा नसल्यामुळे, रद्द ठरली. १९८६ साली पोर्टलंड ट्रेल ब्लेझर्सने त्याला पहिल्याच फेरीत चोविसाव्या क्रमांकावर निवडले. पण शासनाने जाऊ दिले नाही. १९८७ मध्ये त्याच्या टाचेमागील अकिलीस कंडरा तुटली. विश्रांतीवाचून चाललेल्या सामन्यांचा हा परिणाम, असे अनेकांनी म्हटले आहे व ते पटण्याजोगे आहे. २.२१ मीटर उंचीचा हा खेळाडू त्यापूर्वी लहान चणीच्या माणसाच्या चपळाईने धावत असे. ती गती पुन्हा परत आली नाही.

१९८८ साली त्याला पोर्टलंडला जाण्याची अनुज्ञा मिळाली, परंतु ती केवळ उपचारांपुरती. त्याच वर्षी सोलच्या ऑलिंपिकमध्ये सोव्हिएत संघाने उपान्त्य सामन्यात अमेरिकेस ८२–७६ असे आणि अंतिम सामन्यात युगोस्लाव्हियास ७६–६३ असे हरविले. त्या संघात साबोनिस, मार्चुलिओनिस, कुर्तिनाइतिस व खोमिचुस हे चार लिथुआनियन प्रमुख होते. एप्रिल १९८९ मध्ये म्युनिक येथे आंतरराष्ट्रीय संघटनेने व्यावसायिकांवरील बंदी उठविली आणि ‘हौशी’ हा शब्द या खेळापुरता निरर्थक झाला.

१९८९ साली साबोनिस स्पेनमधील वायादोलिदच्या क्लबात दाखल झाला. येथे तो कागदोपत्री प्रथमच ‘परदेशी’ ठरला. स्पॅनिश लीगमध्ये अशा खेळाडूंची संख्या नियमाने मर्यादित असे. तो आला त्या वेळी सोव्हिएत नागरिक होता. ११ मार्च १९९० रोजी लिथुआनियाने स्वातंत्र्य घोषित केले आणि सप्टेंबर १९९१ मध्ये मॉस्कोने ते मान्य केले. म्हणजे खेळाडू वायादोलिदमध्येच असताना त्याचा देश पालटला. १९९२ च्या बार्सिलोना ऑलिंपिकमध्ये कांस्यपदकासाठी लिथुआनियाची गाठ पडली ती पूर्वीच्या सोव्हिएत प्रजासत्ताकांच्या संयुक्त संघाशी. व्होल्कोव्ह व तिखोनेन्को हे सोलचे सहकारी आता समोरच्या बाजूस होते. लिथुआनियाने ८२–७८ असा विजय मिळविला.

१९९२ पासून तो रिअल माद्रिदकडे होता. दोन स्पॅनिश अजिंक्यपदांनंतर १९९५ साली झारागोझा येथे ऑलिंपियाकोसला ७३–६१ असे हरवून माद्रिदने युरोपीय अजिंक्यपद मिळविले, आणि त्याच वर्षी तो अखेर पोर्टलंडला गेला. त्याच्या पायांची क्ष-किरण छायाचित्रे पाहून क्लबाच्या वैद्यांनी, एवढ्यावरच याला अपंगांसाठी राखीव असलेली गाडी उभी करण्याची जागा मिळू शकेल, असा अभिप्राय दिल्याचे सांगतात. अशा पायांवर १९९५–९६ च्या हंगामात त्याने दर सामन्यास सरासरी १४.५ गुण व ८.१ रिबाउंड मिळविले, आणि सर्वोत्तम नवोदित खेळाडूच्या मतदानात तो दुसरा आला. ऑलिंपिक सुवर्णपदक, विश्व अजिंक्यपद आणि युरोपीय अजिंक्यपद जवळ असलेल्या एकतीस वर्षांच्या माणसास ‘नवोदित’ म्हणणारी ही परिभाषा अमेरिकी लीगपुरतीच खरी आहे. तिच्या ४७० सामन्यांतील सरासरी १२ गुण ही संख्या अचूक आहे. पण ती कारकिर्दीच्या उत्तरार्धाची संख्या होय, आणि तिच्यावरून संपूर्ण खेळाडूचे माप काढणे म्हणजे ग्रंथाचा शेवटचा खंड वाचून सर्व खंडांवर अभिप्राय देणे होय. साबोनिसची निवड केली त्याच १९८६ च्या ड्राफ्टमध्ये पोर्टलंडने तिसऱ्या फेरीत द्राझेन पेत्रोविचलाही निवडले होते. हे दोघे पूर्ण जोमात एका संघात खेळते तर काय घडते, याविषयी पुष्कळ लिहिले गेले आहे. इतिहासकाराने त्या तर्कात न शिरणेच बरे.

२००३–०४ च्या हंगामात साबोनिस पुन्हा झाल्गिरिसकडून खेळला आणि वयाच्या एकोणचाळिसाव्या वर्षी युरोलीगच्या प्राथमिक व त्यापुढील अशा दोन्ही टप्प्यांचा सर्वोत्तम खेळाडू ठरला. २०११ साली अमेरिकेतील नेस्मिथ सन्मानदालनात त्याचा समावेश झाला, व त्याच वर्षी तो लिथुआनियाच्या बास्केटबॉल महासंघाचा अध्यक्षही झाला. त्याचा पुत्र दोमांतास १९९६ साली पोर्टलंडमध्ये जन्मला, स्पेनमध्ये वाढला आणि राष्ट्रीय संघात लिथुआनियाकडून खेळला.