सीसीटीव्ही कॅमेऱ्यांचे दूरस्थ निरीक्षण

सीसीटीव्ही कॅमेऱ्यांचे दूरस्थ निरीक्षण म्हणजे कार्यालय, दुकान, गोदाम अशा ठिकाणी बसवलेल्या सुरक्षा कॅमेऱ्यांचे थेट किंवा साठवलेले चित्रण इंटरनेटच्या साहाय्याने दुसऱ्या ठिकाणाहून पाहण्याची व्यवस्था होय. सीसीटीव्ही या नावातील 'क्लोज्ड सर्किट' या शब्दांचा अर्थ बंदिस्त परिपथ असा आहे. इंटरनेटशी जोडल्यावर ही यंत्रणा पूर्णतः बंदिस्त राहत नाही. त्यामुळे जोडणीची पद्धत निवडताना सोयीबरोबरच सुरक्षिततेचाही विचार करावा लागतो.

इतिहास

स्वीडनमधील ॲक्सिस कम्युनिकेशन्स या कंपनीने १९९६ मध्ये संगणक-जाळ्याला थेट जोडता येणारा पहिला कॅमेरा बाजारात आणला. वेगवेगळ्या उत्पादकांची उपकरणे एकमेकांशी जुळावीत, यासाठी ॲक्सिस, बॉश आणि सोनी या कंपन्यांनी २००८ मध्ये ऑनव्हिफ ही मानक ठरवणारी संस्था स्थापन केली.

रचना

सामान्यतः सर्व कॅमेरे एका रेकॉर्डरला जोडलेले असतात. ॲनालॉग कॅमेऱ्यांसाठी डीव्हीआर, तर आयपी कॅमेऱ्यांसाठी एनव्हीआर वापरतात. रेकॉर्डर राउटरला जोडला जातो व त्यास १९२.१६८ ने सुरू होणाऱ्या पत्त्यासारखा खाजगी आयपी पत्ता मिळतो. हा पत्ता कार्यालयाच्या अंतर्गत जाळ्यापुरताच चालतो. बाहेरून त्या रेकॉर्डरपर्यंत पोहोचण्यासाठी स्वतंत्र मार्ग तयार करावा लागतो.

पद्धती

* पोर्ट फॉरवर्डिंग : राउटरचे एक पोर्ट बाहेरून खुले करून तेथे येणारी मागणी रेकॉर्डरकडे वळवली जाते. यासाठी सार्वजनिक आयपी पत्ता लागतो. तो बदलता असल्यास डायनॅमिक डीएनएस सेवा वापरतात. सेवादात्याने एकच सार्वजनिक पत्ता अनेक ग्राहकांत वाटलेला असल्यास ही पद्धत सहसा चालत नाही. खुले पोर्ट मालकाप्रमाणेच इंटरनेटवरील कोणालाही सापडू शकते.
* क्लाउड सेवा : रेकॉर्डर स्वतःहून उत्पादकाच्या सर्व्हरशी संपर्क साधतो. वापरकर्ता ॲपमध्ये उपकरणावरील क्यूआर कोड स्कॅन करतो. मांडणी सोपी असली तरी उत्पादकाच्या सर्व्हरवर विसंबून राहावे लागते.
* व्हीपीएन : वापरकर्ता प्रथम कूटबद्ध मार्गाने कार्यालयाच्या जाळ्यात प्रवेश करतो व नंतर कॅमेरे पाहतो. मांडणीस तांत्रिक ज्ञान लागते; मात्र रेकॉर्डर इंटरनेटवर थेट उघडा पडत नाही.

इंटरनेटचा वेग

दूरस्थ निरीक्षणात कार्यालयाकडील अपलोड वेग महत्त्वाचा असतो. एका कॅमेऱ्याच्या चित्रणास ४ एमबीपीएस लागत असल्यास आठ कॅमेरे एकाच वेळी पाहण्यासाठी ३२ एमबीपीएस लागतात. म्हणून मोबाइलवर पाहण्यासाठी कमी दर्जाचा दुय्यम प्रवाह वापरतात. मूळ दर्जाचे चित्रण रेकॉर्डरमध्ये साठत राहते.

सुरक्षिततेचे प्रश्न

२०१६ मध्ये 'मिराई' या घातक प्रणालीने उत्पादकांनी ठरवून दिलेली मूळ वापरकर्तानावे व पासवर्ड वापरून असंख्य कॅमेरे आणि रेकॉर्डर ताब्यात घेतले. अशा उपकरणांद्वारे २१ ऑक्टोबर २०१६ रोजी डीन या अमेरिकी डीएनएस कंपनीवर हल्ला झाला आणि ट्विटर, नेटफ्लिक्स यांसारख्या सेवा काही काळ विस्कळीत झाल्या. मार्च २०२१ मध्ये वर्काडा या क्लाउड-आधारित कॅमेरा कंपनीच्या यंत्रणेत हॅकरांनी प्रवेश मिळवला. सुमारे दीड लाख कॅमेऱ्यांपर्यंत पोहोचल्याचा त्यांचा दावा होता. पहिल्या घटनेत ग्राहकांकडील उपकरणे कमकुवत ठरली, तर दुसरीत सेवा पुरवणारी कंपनीच.

यामुळे पुढील काळजी घेणे आवश्यक मानले जाते : मूळ पासवर्ड बदलणे, फर्मवेअर अद्ययावत ठेवणे, प्रत्येक व्यक्तीस स्वतंत्र खाते देणे, नोकरी सोडणाऱ्याचे खाते त्वरित बंद करणे, राउटरमधील यूपीएनपी सुविधा बंद ठेवणे आणि कॅमेऱ्यांचे जाळे कार्यालयीन संगणकांपासून वेगळे ठेवणे.

भारतातील कायदेशीर तरतुदी

परवानगीशिवाय दुसऱ्याच्या संगणकीय यंत्रणेत प्रवेश करणे ही बाब माहिती तंत्रज्ञान अधिनियम, २००० च्या कलम ४३ मध्ये येते. अप्रामाणिक हेतूने तसे केल्यास कलम ६६ नुसार तो गुन्हा ठरतो. व्यक्तीच्या खाजगी अवयवांचे चित्रण संमतीविना करणे किंवा प्रसारित करणे कलम ६६ई नुसार दंडनीय आहे. केंद्र सरकारने २०२४ मध्ये सीसीटीव्ही कॅमेऱ्यांसाठी सुरक्षाविषयक आवश्यक निकष अधिसूचित केले. ते एप्रिल २०२५ पासून लागू झाले.