प्लेगच्या मुंबईत घराची किंमत कशी ठरली?

साथीच्या काळात जुने घर दुरुस्त करून त्याचे पैसे करणे किती कठीण असते, हे पाहायचे तर प्लेगच्या मुंबईकडे वळावे लागते.

सप्टेंबर १८९६ मध्ये मांडवीत डॉ. अकासिओ व्हिएगस यांनी प्लेग ओळखला. रोग ओलसर जमिनीत, कोंदट हवेत आणि घाणीत मुरतो, असा तेव्हाचा समज. साहजिकच आरोपी ठरले घर. सरकारी माणसे भिंतींना चुना फासत, जमिनी खणत, ऊन आत यावे म्हणून छपराची कौले काढत. राहण्यास अयोग्य ठरलेल्या घरावर ‘यू.एच.एच.’ ही आद्याक्षरे रंगवली जात. अशा घराला गिऱ्हाईक कोठून मिळणार?

मालकाने स्वतः दुरुस्ती काढावी, तर माणसे नाहीत. लोक शहर सोडून चाललेले. गिरण्यांनाही नाक्यावर बोली लावून, रोजची मजुरी रोज चुकवून कामगार मिळवावे लागत. गवंडी-बिगाऱ्यांची स्थिती यावरून ताडावी. शिवाय सगळा खटाटोप चुकीच्या शत्रूविरुद्ध! उंदरावरच्या पिसवा रोग पसरवतात, हे पॉल-लुई सिमों यांनी १८९८ मध्ये कराचीत दाखवले. ते सर्वमान्य व्हायला आणखी कित्येक वर्षे गेली.

त्याच १८९८ साली ‘बॉम्बे सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट’ स्थापन झाला. दाट वस्त्या ताब्यात घ्यायच्या, पाडायच्या, रुंद रस्ते काढायचे आणि भूखंड भाडेपट्ट्याने द्यायचे, ही त्याची रीत. खरी गोम नुकसानभरपाईत होती. ती मुख्यतः घराच्या भाडे-उत्पन्नावरून ठरे. म्हणजे खोलीत जितकी बिऱ्हाडे कोंबलेली, तितका मोबदला मोठा! नीटनेटक्या, मोकळ्या घराचा मालक या हिशेबात मूर्खच ठरला. पाडकाम बांधकामाच्या पुढे धावले आणि उठवलेली बिऱ्हाडे आसपासच्या चाळींत शिरून तेथील गर्दी वाढवू लागली.

पुढे ट्रस्टचे अध्यक्ष जे. पी. ऑर यांनी सरसकट पाडण्याऐवजी असलेली घरेच सुधारून घेण्यावर भर दिला. त्यांचा ‘साडेत्रेसष्ट अंशांचा’ नियम प्रसिद्ध आहे: समोरच्या इमारतीची उंची मधल्या मोकळ्या जागेच्या दुपटीहून अधिक नसावी, म्हणजे तळमजल्याच्या खोलीतही उजेड पोहोचतो. नियम सोपा होता. पण तो जुन्या चाळीला लावायचा, तर मालकाला भाडे देणाऱ्या खोल्याच पाडाव्या लागत.