वीट क्रमांक ३००१

"पायऱ्या तीन व्हत्या रं, दोन नाय," आजी म्हणाली आणि पुन्हा वाटाणे सोलायला लागली.

माझ्या लॅपटॉपवर तिचं घर होतं. लेगोच्या विटांचं, पण त्यातली एकही वीट हातात धरता येत नाही, सगळं स्क्रीनवरच. नवी मुंबईच्या विमानतळासाठी पनवेल तालुक्यातल्या दहा गावांनी जागा सोडली, त्यांतल्या एका गावात हे घर होतं. पुढे ओटी, मग माजघर, मागे पडवी, वर मंगलोरी कौलं. आता तिथे घर नाही, गाव नाही, शेजारची उलव्याची टेकडीही नाही. नदीसुद्धा वळवली. डिसेंबर २०२५पासून तिथून विमानं उडतात. आम्ही विचुंब्याला राहतो, आजी आमच्याकडे असते.

हे घर मी दुसऱ्यांदा बांधतोय. पहिल्यांदा बांधलं ते इंजिनिअरिंगला असताना, घर उभं होतं तेव्हा. टेप घेऊन ओटीची लांबी-रुंदी मोजली, खांबांमधलं अंतर मोजलं आणि मापं थेट विटांमध्ये बदलून एका फुकटच्या प्रोग्रॅममध्ये भरली. कागदावर काही लिहिलं नाही. इंजिनिअर होणाऱ्या माणसाला कागद कशाला लागतो? काही वर्षांनी तो प्रोग्रॅम बंद पडला. फाइल आजही माझ्याकडे आहे, पण ती उघडता येत नाही. नोटपॅडमध्ये टाकली तर नुसती चौकटी-चौकटींची रांगोळी दिसते. घर पडलं होतं आणि त्याची मापंही त्या रांगोळीत अडकली होती.

त्यानंतर मी एक इतिहास वाचायला घेतला. खेळण्यातल्या विटांचा नाही, त्या विटांची नोंद ठेवणाऱ्या माणसांचा.

विटेचा इतिहास थोडक्यात सांगता येतो. डेन्मार्कमधल्या बिलुंड गावात ओले कर्क क्रिस्टियानसेन या सुताराने १९३२ साली लाकडी खेळणी करायला सुरुवात केली. पुढे प्लॅस्टिक आलं. २८ जानेवारी १९५८ रोजी कंपनीने आजच्या विटेच्या पेटंटसाठी अर्ज केला: वर गोल खुंट्या, खाली पोकळ नळ्या, आणि दोन्हींची घट्ट पकड. दोन खुंट्यांमधलं अंतर ८ मिलिमीटर, विटेची उंची ९.६ मिलिमीटर. तेव्हाची वीट आजच्या विटेवर बसते.

आमच्या लहानपणी याला कुणी लेगो म्हणत नसे, 'ब्लॉक' म्हणत. पनवेलच्या बाजारातून प्लॅस्टिकच्या बरणीत यायचे, नकली असायचे आणि दोन दिवाळ्यांनंतर त्यांची पकड सुटायची. दहावीच्या आसपास ती बरणी माळ्यावर गेली. जगभर असंच होतं. मोठेपणी या खेळाकडे परतलेले लोक मधल्या वर्षांना गमतीने 'अंधारयुग' म्हणतात. १९९०च्या दशकाच्या मध्यावर इंटरनेट आलं आणि अशा परतलेल्यांना कळलं, की आपण एकटे नाही. पण एकमेकांना दाखवायचं काय? फोटो चढवायचा तर स्कॅनर हवा, आणि फोटोवरून दुसऱ्याला ते मॉडेल बांधता येत नाही. मागची वीट फोटोत दिसतच नाही.

याचं उत्तर ऑस्ट्रेलियातल्या जेम्स जेसिमन या तरुणाने १९९५ साली काढलं. त्याने डॉसवर चालणारे दोन छोटे प्रोग्रॅम लिहिले. एलड्रॉ चित्र काढायचा, एलएडिट मॉडेल रचायला मदत करायचा. प्रोग्रॅम तेव्हाच्या मानाने ठीकच होते. खरी गोष्ट होती फाइलची. ती साध्या मजकुराची होती. एका विटेला एक ओळ:

१ ४ ० ० ० १ ० ० ० १ ० ० ० १ ३००१.डॅट

पहिला आकडा सांगतो, की इथे एक भाग ठेवायचा आहे. ४ म्हणजे लाल रंग. पुढचे तीन आकडे जागेचे. त्यानंतरचे नऊ वीट कुठल्या बाजूला वळवायची ते सांगतात. बारावीला मॅट्रिक्स शिकलेल्याला ते ओळखीचे वाटतील. शेवटी भागाचं नाव. ३००१ म्हणजे दोन बाय चारची वीट, लेगो म्हटल्यावर डोळ्यांसमोर येते तीच.

मापाचं एककही विचारपूर्वक ठरवलेलं आहे. एक एलड्रॉ एकक म्हणजे ०.४ मिलिमीटर. त्यामुळे एका खुंटीची वीट २० एकक रुंद, २४ एकक उंच, आणि पातळ पट्टी ८ एकक उंच. कुठेही अपूर्णांक नाही. खुंटीसुद्धा एकदाच काढलेली. तिची वेगळी फाइल आहे. प्रत्येक वीट 'इथे खुंटी ठेव' एवढंच म्हणते. रंग क्रमांक १६चा अर्थ 'जो वापरेल त्याचा रंग' असा आहे, म्हणून लाल आणि पिवळ्या विटेसाठी दोन फाइली लागत नाहीत. आम्ही ऑफिसात आठवड्यातून दोनदा ज्यावर वाद घालतो, ते या मुलाने खेळण्यासाठी एकट्याने निस्तरलं होतं.

२५ जुलै १९९७ रोजी फ्लूने जेसिमनचा मृत्यू झाला. एलड्रॉ जेमतेम दोन वर्षांचं होतं.

एका माणसाने लिहिलेल्या सॉफ्टवेअरचं त्या माणसामागे काय होतं, ते माझ्या धंद्यातल्या कुणालाही विचारा. बहुधा ते त्याच्यासोबतच जातं. इथे तसं झालं नाही. फाइल वाचता येत होती, म्हणून लोकांनी तिच्यावर चालणारे नवे प्रोग्रॅम लिहिले: विंडोजसाठी एमएलकॅड, लिनक्सवरही चालणारं लिओकॅड. नवे भाग लोक कॅलिपरने मोजून काढू लागले. दुसऱ्यांनी तपासून संमती दिल्याशिवाय भाग अधिकृत संग्रहात जात नाही, आणि हे काम आजही विनावेतन चालतं. संग्रह क्रिएटिव्ह कॉमन्सच्या परवान्याखाली सगळ्यांना खुला आहे. त्याच्या नावाने स्मृती पुरस्कारही दिला जातो. पण मला पुरस्कारापेक्षा दुसरी गोष्ट महत्त्वाची वाटते. ३००१ची फाइल उघडली, की वरच्या ओळींतच लेखक म्हणून जेम्स जेसिमन हे नाव दिसतं. खाली कोणी कधी काय दुरुस्त केलं, त्याची नोंद आहे. ती दुरुस्त झाली, पण नाव कुणी काढलं नाही.

नकाशा झाला, पण खऱ्या विटा कुठून आणायच्या? तो दुसरा धागा. डॅन येझेक याने २००० साली ब्रिकबे नावाची साइट सुरू केली. २००२पासून ती ब्रिकलिंक झाली. जगभरातले लोक तिथे सुटे भाग विकतात. त्याहून मोठं काम म्हणजे तिथली सूची: कुठला भाग कुठल्या संचात, कुठल्या रंगात, किती नग. २०१० साली येझेकही तरुणपणीच गेला. साइट त्याच्या आईने चालवली. २०१३मध्ये ती कोरियन उद्योजक किम जुंग-जू यांच्याकडे गेली आणि नोव्हेंबर २०१९मध्ये खुद्द लेगोने ती विकत घेतल्याचं जाहीर झालं. तोवर तिचे दहा लाखांवर सदस्य झाले होते. या विक्रीने अनेकजण धास्तावले. मला त्यांची धास्ती कळते, पण आईने विकली नसती तर साइट टिकली असती का, हाही प्रश्न आहे. फरक एवढाच, की साइटला मालक असतो आणि तो बदलतो. एलड्रॉचा संग्रह मात्र माझ्या लॅपटॉपवर, पेनड्राइव्हवर, तुमच्याकडे, कुठेही पूर्णच्या पूर्ण असू शकतो.

आपल्याकडे या स्क्रीनवरच्या विटांना आणखी एक कारण आहे. २०२०च्या अर्थसंकल्पात खेळण्यांवरचं आयात शुल्क २० टक्क्यांवरून ६० टक्के झालं, २०२३मध्ये ७० टक्के. १ जानेवारी २०२१पासून खेळण्यांना बीआयएसचं चिन्हही सक्तीचं झालं. मुलांच्या सुरक्षेसाठी आणि देशी कारखान्यांसाठी हे असेल, पण परदेशातून शंभर सुट्या तपकिरी कौल-विटा मागवणाऱ्या माणसाचं गणित त्यात बसत नाही. माझ्या घराच्या छपरालाच शेकडो उतरत्या विटा लागतात.

उघडं ठेवण्याची ही रीत मला परदेशी मात्र वाटत नाही. आयआयटी कानपूरमधून शिकून पुण्यात टेल्कोत लागलेले अरविंद गुप्ता १९७८मध्ये वर्षभराची रजा घेऊन होशंगाबादच्या विज्ञान शिक्षण कार्यक्रमात गेले. तिथे काड्यापेटीतल्या काड्या आणि सायकलच्या व्हॉल्व्हची रबरी नळी यांतून त्यांनी काड्यांचा मेकॅनो बनवला. नळीचा तुकडा म्हणजे सांधा. चौकोन डगमगतो, त्रिकोण डगमगत नाही, हे मुलाला हातानेच कळतं. पुढे ते आयुकाच्या मुक्तांगण विज्ञान शोधिकेत होते. तिची इमारत पु. ल. देशपांडे यांच्या नावे मिळालेल्या देणगीतून उभी राहिली आणि तिचं नाव 'पुलस्त्य' आहे. कचऱ्यातून खेळणी करण्याच्या कृती, पुस्तकं, व्हिडिओ, सगळं गुप्तांनी आपल्या साइटवर फुकट ठेवलं. ती काडी घेऊन बसलेलं मूल आणि विटेचे आकडे लिहिणारा जेसिमन यांच्यात मला फार अंतर दिसत नाही. सांधा कसा बसतो ते दोघांच्याही बाबतीत उघड आहे, त्यामुळे बनवणारा नसला तरी पुढचा माणूस तो बसवू शकतो.

तर आता घर एलड्रॉमध्ये आहे. चार हजारांच्या आसपास ओळी, अडीचशे केबी. मापं मात्र पूर्वीइतकी खरी नाहीत. काही फोटोंवरून घेतली, काही मामाच्या आठवणीवरून, बरीचशी आजीच्या. तिघांचं जमत नाही. मामाच्या मते पडवीत उखळ होतं, आजी म्हणते ते माजघरात. टेप लावून भांडण मिटवायची सोय आता नाही.

या फाइलीत ० ने सुरू होणारी ओळ चित्रात दिसत नाही; तिच्यात टीप लिहिता येते. म्हणून प्रत्येक भागाच्या वर मी अशी ओळ टाकतो: हे कुणी सांगितलं. उखळाच्या दोन ओळी आहेत.

"ह्या इटा तू केल्यास?" आजीने विचारलं.

मी म्हटलं, नाही, ऑस्ट्रेलियातल्या एका मुलाने सुरुवात केली. तो वारला. मग बाकीच्यांनी केल्या.

तिने थोडा वेळ स्क्रीनकडे पाहिलं. "त्याचं नाव ऱ्हायलं का त्यात?"

मी ३००१ उघडून ती ओळ दाखवली. आजीला वाचता येत नाही, पण तिने बोट ठेवून पाहिलं. मग मी ओटी आणि तिच्यावरचं सगळं घर निवडलं आणि एक वीट वर उचललं. एलड्रॉमध्ये वर जायचं म्हणजे उणे, म्हणून उणे २४. खाली तिसरी पायरी बसवली आणि तिच्यावर टीप लिहिली: '० पायऱ्या तीन. आजीने सांगितलं.'